बॅन्डमास्तरांनी खिडक्या उघडल्या तो रविवार

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सर्वांच्या लाडक्या मुख्याध्यापिकाबाई. व्यासपीठावर बसलेले विद्यमान नगराध्यक्ष. त्यांच्या शेजारचे, माझं नाव पुकारल्यापासून जरा सावरून बसलेले माजी नगराध्यक्ष. ज्यांच्या डोक्यावर तेहेतीस वर्षं बॅन्डचा सराव चालला आणि तरी ज्यांनी दोनदाच तक्रार केली, ते अग्निशमन केंद्राचे प्रमुख. बॅन्डचे सर्व वादक. आजचे सत्कारमूर्ती, आपले बॅन्डमास्तर आणि त्यांच्या पत्नी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून दाराशी, जिन्यात, जिथे जागा मिळेल तिथे उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शिंपी आहे. मोजून-मापून कापायची सवय, पण ती कापडापुरती. बोलण्याच्या बाबतीत माझी कात्री बोथट आहे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. या समारंभाचे चिटणीस मला म्हणाले, ‘मास्तरांवर दोन शब्द बोला.’ मी हो म्हटलं. मग ते माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘तेवढं राजकारण नको हं.’ मी त्यालाही हो म्हटलं. घरी आलो, चहा घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की आपण भलताच शब्द देऊन बसलो. राजकारण वगळून मास्तरांविषयी काय सांगायचं? ते उंच आहेत, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, आणि गेल्या दहा वर्षांत कमर चार इंचांनी वाढली आहे. एवढंच उरतं. तेव्हा चिटणीससाहेब, आधीच क्षमा मागतो, आणि जे घडलं ते सांगतो.

अग्निशमन केंद्राच्या वरचा सरावाचा हॉल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. लाकडी जमीन, पितळी वाद्यांतून थुंकी गळून गळून तिच्यावर काळे डाग पडलेले. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर बॅन्डचे निळे कोट. ते कोट मी शिवलेले. त्यातला एक कोट सर्वांहून वेगळा कापावा लागायचा, कारण तो ट्रॉम्बोनवाल्याचा होता. ज्यांना वाद्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रॉम्बोन म्हणजे ती पितळी नळी, पुढे सरकवायची आणि मागे ओढायची. हात पूर्ण लांब जातो, त्यामुळे उजव्या बाहीत आणि बगलेत जास्त माया सोडावी लागते. मी सोडत असे. जरा जास्तच सोडत असे. तो ट्रॉम्बोनवाला माझा मुलगा होता.

बॅन्डमध्ये त्याला भोंगा म्हणत. पुढे सगळं गावच भोंगा म्हणू लागलं. पेशाने तो सुतार. हात देवाने दिलेला, कान मात्र द्यायचा राहून गेला. मास्तर, हसू नका, तुम्हीच हे मला सांगितलंय. एक नाचाचं गाणं होतं, सगळ्यांना माहीत असलेलं, लग्नाकार्यात म्हाताऱ्यांनाही उठवून नाचवणारं. त्यात तिसऱ्या भागात ट्रॉम्बोन वरून खाली घसरत येतो, घसरगुंडीवरून कुणी येतंय असा. भोंगा तिथे दर वेळी एक मात्रा आधी घुसायचा. दर वेळी! मास्तरांनी समजावलं, ओरडून पाहिलं, एकदा तर त्याचा खांदा धरून ठेवला. हा खांद्यासकट आधी.

समोरच्या इमारतीत एक परिचारिका भाड्याने राहायला आली होती. आठवडाभर रुग्णालयात ड्युटी, आणि रविवारी जरा झोपावं म्हटलं तर समोरून हा आवाज. दोन रविवार तिने सहन केलं. तिसऱ्या रविवारी तणतणत जिना चढून वर आली आणि दारातूनच म्हणाली, ‘ते जे घसरतं ते कोण वाजवतं?’ वीस बोटं एकाच दिशेला गेली. त्या दिवसापासून सरावाच्या वेळी खिडक्या लावून घ्यायचा नियम झाला, आणि वर्षभराने ती परिचारिका आमची सून झाली. तक्रार करायला आली आणि घरची झाली. खिडक्या मात्र लावलेल्याच राहिल्या. वर रंगाचे तीन हात बसले आणि चौकटी चिकटून गेल्या.

मग ते युद्ध आलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मला लपवायचं नाही. मी युद्धाच्या बाजूचा होतो. आजही, बरंचसं आहे. तेव्हा मी दुकानात बसून अडीचशे झेंडे शिवले, आणि कुणाच्या बाल्कनीत झेंडा दिसला नाही की मनातल्या मनात त्याचं नाव टिपून ठेवायचो. सूनबाई दुसऱ्या टोकाला. युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांच्या मोर्चात ती पहिल्या रांगेत होती, आणि भोंगा राखीव दलातून आघाडीवर गेला होता. पूल बांधणाऱ्या तुकडीत. सुतार ना तो.

एकाच घरात आम्ही. मी तिला म्हटलं, ‘नवरा तिकडे जिवावर उदार होऊन उभा आहे आणि तू इकडे त्याच्या विरुद्ध घोषणा देतेस?’

ती म्हणाली, ‘बाबा, त्याच्या विरुद्ध नाही. तो परत यावा म्हणून देते.’

‘तुला नाही कळायचं ते.’

‘मग जाऊ द्या.’

झालं. तिथून चार महिने आमचं बोलणं बंद. मध्ये आमची ही. हिने त्या चार महिन्यांत टेलिफोन एक्स्चेंजचं काम केलं. ‘ती विचारतेय तुम्ही दूध आणलंत का.’ ‘तिला सांग आणलं.’ ‘ऐकलं तिने, समोरच बसलीय.’ असा संसार.

आणि एका सकाळी, पुलाच्या फळ्या बसवत असताना, भोंगा गेला. गावातला पहिला. तो भाग मी इथे बोलणार नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळत नाही.

सहा आठवड्यांनी श्रद्धांजलीचं ठरलं. नगरपालिकेने मुख्य चौकात मोठं व्यासपीठ उभारलं. मागे फलक, ‘हे युद्ध आपलं, हा विजय आपला’. त्याच्याखाली माझ्या मुलाचा फोटो. त्याच दिवशी, त्याच वेळी, बागेत दुसरी सभा. तिथे युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांचा फलक, ‘आणखी किती?’ त्याच्याखालीही माझ्या मुलाचा तोच फोटो. चौकात मी व्यासपीठावर बसणार होतो. बागेत सूनबाई बोलणार होती. आणि बॅन्ड? बॅन्ड दोघांनाही हवा होता. भोंग्याचा बॅन्ड ना तो!

गुरुवारी संध्याकाळी सरावाच्या हॉलमध्ये सगळे जमले. तेव्हाचे नगराध्यक्ष, म्हणजे आज माझ्या उजव्या हाताला बसलेले, कार्यक्रमपत्रिका छापूनच घेऊन आले होते. युद्धविरोधी समितीची मंडळी आली होती. मी होतो. सूनबाई होती. मास्तर क्लॅरिनेटच्या पेट्या पुसत बसले होते.

नगराध्यक्ष म्हणाले, ‘मास्तर, अकराला चौकात. आधी संचलनाची धून, मग माझं भाषण, मग पुन्हा संचलनाची धून.’

समितीचे म्हणाले, ‘मास्तर, बागेत काहीतरी शांत, संथ वाजवा. तो त्यांचा नव्हता, आपला होता.’

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. म्हणाले, ‘तो कुणाचा होता ते तुम्ही आपसात ठरवा. माझा तो ट्रॉम्बोनवाला होता. रविवारी अकराला मी सराव घेणार आहे.’

‘सराव? त्या दिवशी?’

‘सराव दर रविवारी अकरालाच असतो. युद्धाच्या आधीपासून.’

‘आणि वाजवणार काय?’

‘त्याला आवडायचं ते नाचाचं गाणं.’

माझा तोल गेला. मी ओरडलो, ‘माझ्या मुलाच्या श्रद्धांजलीला तुम्ही नाचाचं गाणं वाजवणार?’

मास्तर शांतपणे म्हणाले, ‘टेलरसाहेब, तुम्हीच सांगा. दुसरं एक तरी गाणं त्याला धड येत होतं का?’

मित्रहो, त्या क्षणी मला हसू आलं. ओठांपर्यंत आलं. आणि हसू आलं म्हणून मी आणखी भडकलो. समोर पाहिलं तर सूनबाई खाली मान घालून उभी, खांदे हलतायत. रडतेय की हसतेय ते कळेना.

नगराध्यक्ष म्हणाले, ‘बॅन्ड नगरपालिकेचा आहे. गणवेश नगरपालिकेचा आहे.’

‘गणवेश काढून ठेवतो,’ मास्तर म्हणाले. ‘वाद्यं बरीचशी आमची आहेत. नगाऱ्याचं तेवढं काय ते बघा.’

रविवार उजाडला. मी चांगला काळा कोट घालून चौकात व्यासपीठावर बसलो. गर्दी मोठी होती. नगराध्यक्ष बोलायला उभे राहिले. साहेब, तुम्ही आज परवानगी दिलीत म्हणून सांगतो. तुम्ही चाळीस मिनिटं बोललात. म्हणालात, ‘आपला हा वीर शत्रूवर सिंहासारखा तुटून पडला!’ टाळ्या पडल्या. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होतो. माझा मुलगा कुणावर तुटून पडला नाही. तो गुडघ्यावर बसून फळी बसवत होता. त्याच्या अंगठ्याचं नख लहानपणी हातोडी लागून वाकडं झालं होतं, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. वाटलं, हे कुणाबद्दल बोलतायत? आणि मग तुम्ही म्हणालात, ‘येत्या निवडणुकीत...’

आणि तेवढ्यात ऐकू आलं.

अग्निशमन केंद्र चौकापासून दोन गल्ल्या लांब. खिडक्या बंद असत्या तर काही पोहोचलं नसतं. पण त्या दिवशी आठही खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि त्यांतून ते गाणं धो धो बाहेर येत होतं. गर्दीतल्या माना वळल्या. मी उठलो. नगराध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल. त्यांनी मायक्रोफोनवर हात ठेवून मला रस्ता दाखवला. मी पायऱ्या उतरलो आणि चालत सुटलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, ‘शोकावेगाने पित्याने व्यासपीठ सोडले.’ शोकावेग कसला! मला तिसरा भाग चुकवायचा नव्हता.

जिन्यात माणसं, रस्त्यावर माणसं. झेंडेवाले होते, मोर्चावाले होते, दोन्ही नसलेले तर कितीतरी. वर पोहोचलो. खुंट्यांवर माझे एकवीस कोट ओळीने टांगलेले, आणि समोर माझा बॅन्ड घरच्या कपड्यांत! पोस्टमन कोपरावर भोक पडलेल्या स्वेटरमध्ये. पावभट्टीवाला पिठाच्या एप्रनमध्ये. एवढा गबाळा बॅन्ड मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन आमची ही. तिने सकाळी मला सांगितलं होतं, ‘माझं डोकं दुखतंय, मी चौकातही येणार नाही आणि बागेतही जाणार नाही.’ आणि खिडकीपाशी सूनबाई. हातात रंग खरवडायची पट्टी, केसांत रंगाचे कपचे. सकाळी आठपासून ती चिकटलेल्या खिडक्या सोडवत होती, ज्या तिच्याच तक्रारीने बंद झाल्या होत्या.

तिने मला पाहिलं. जरा सरकली. ‘बाबा, इकडे जागा आहे.’

चार महिन्यांनी तिने माझ्याशी काढलेले पहिले शब्द. मी जाऊन उभा राहिलो.

तिसरा भाग आला. मास्तरांचा हात वर गेला. आणि वीसच्या वीस जण, क्लॅरिनेट, तुतारी, नगारा, झांजा, सगळेच्या सगळे, एक मात्रा आधी घुसले. एकजात सगळे. ठरवून, मास्तरांच्या इशाऱ्यावर. ज्या मास्तरांनी सतरा वर्षं त्या एका मात्रेसाठी डोकं आपटलं, त्यांनी स्वतः हात आधी खाली आणला.

काय सांगू तुम्हाला! आधी क्षणभर कुणाला कळलं नाही. मग आमची ही मोठ्याने हसली. मग सूनबाई. मग मी. हसता हसता रडणं म्हणतात ते मला तोपर्यंत नुसतं बोलण्याची पद्धत वाटायचं. खाली रस्त्यावर कुणी तरी ओरडलं, ‘पुन्हा!’ मास्तरांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा एक मात्रा आधी. केंद्रप्रमुखांनी आमच्या हिला नाचायला उठवलं. रस्त्यावर जोड्या फिरू लागल्या. झेंडेवाला कोण आणि मोर्चावाला कोण, वीस मिनिटं कुणाला पडलेली नव्हती. मला नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

वीस मिनिटं. जास्त नाही. गाणं संपलं, सूनबाईने केसांतले कपचे झटकले आणि म्हणाली, ‘बाबा, मी आता बागेत जाते. मला बोलायचंय.’

मी म्हटलं, ‘जा. मला पटणार नाही.’

‘माहितीय. जेवायला थांबा माझ्यासाठी.’

मी थांबलो.

जिना उतरताना मी मास्तरांना गाठलं. विचारलं, ‘तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?’ मला वाटलं होतं म्हणतील, मी कलावंत, मला राजकारणातलं काय कळतं. पण मास्तर म्हणाले, ‘मी युद्धाच्या विरुद्ध आहे. पहिल्या दिवसापासून. उद्या चहाला या, भांडू.’ मी गेलो. भांडलो. अकरा वर्षं दर सोमवारी भांडतोय, आणि एकदाही जिंकलेलो नाही.

आणि भोंगा कोणत्या बाजूचा? हा प्रश्न त्या दिवसांत सगळे विचारत होते. जायच्या आदल्या दिवशी तो तासभर मास्तरांशी बोलला होता, हे गावाला माहीत होतं. चौकवाल्यांना ते हवं होतं, बागवाल्यांना हवं होतं. मास्तर प्रत्येकाला म्हणायचे, ‘बोलला. पण फलकावर रंगवायला देणार नाही.’

याची किंमत त्यांना मोजावी लागली. गणवेशाविना वाजवलं, अधिकृत कार्यक्रमात व्यत्यय आणला, असा ठपका आला. हॉलला कुलूप लागलं, मास्तर निलंबित झाले. दोन महिने रविवारी अकराला आमच्या त्या गल्लीत अशी शांतता असे की सूनबाईला झोप येईना. शेवटी आम्ही दोघांनी एकच अर्ज लिहिला. कागदाच्या डाव्या बाजूला मी सह्या घेतल्या, उजव्या बाजूला तिने. माझ्या ओळखीचे तिच्याकडे सही करेनात, तिचे माझ्याकडे. म्हणून दोन रकाने, कागद एक. चौकशी समितीपुढे मला बोलावलं. विचारलं, ‘ते गाणं नेमकं कोणाच्या बाजूचं होतं?’ मी म्हटलं, ‘साहेब, ते गाणं पायांच्या बाजूचं आहे.’ समितीतला एक जण हसला, आणि हसल्यावर पुढे कडक राहणं अवघड जातं. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं. आणि हेही सांगायला हवं, त्या आदेशावर सही याच माजी नगराध्यक्षांची होती. साहेब, टाळ्या तुमच्यासाठी आहेत, घ्या.

चार वर्षांपूर्वी, युद्ध केव्हाच संपलं होतं, फलक उतरले होते, कुणाला कुणाच्या बाजूचं काही उरलं नव्हतं, तेव्हा मास्तर आमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. हात धुतले आणि म्हणाले, ‘आता सांगायला हरकत नाही.’ समोर आम्ही तिघं. मी, ही आणि सूनबाई.

मास्तर म्हणाले, ‘तो मला म्हणाला, मला हे युद्ध पटतंय की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पूल बांधायचाय, तो मला येतो, म्हणून जातोय. पण मास्तर, हे बाबांना सांगू नका आणि हिलाही सांगू नका. दोघंही माझ्यावर रागावतील.’

मी सूनबाईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आणि आम्ही दोघंही, खरंच सांगतो, अर्धा मिनिट त्याच्यावर रागावलो. मग इतके हसलो की शेजारचे विचारायला आले. इतकी वर्षं आम्ही दोघं त्याला दोन बाजूंनी ओढत होतो, आणि हा पठ्ठ्या मध्ये उभा राहून विचारच करत होता.

तर चिटणीससाहेब, तुमच्या त्या ‘राजकारण नको’मागचा प्रश्न. लढाईत गेलेल्या माणसाचा मान आणि त्या लढाईचं राजकारण, हे वेगळं करता येतं का? शिंप्याला विचाराल तर सांगतो. कोटाचं अस्तर उसवून वेगळं करता येतं. धुवायला, वाळवायला, तेवढ्यापुरतं. पण कोट घालून बाहेर पडायचं तर ते पुन्हा लावावं लागतं. त्याला कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, हे विचारायचंच नाही म्हणणं हेही राजकारणच झालं. आणि त्याचा फोटो धरून फक्त तेच बोलत राहणं म्हणजे त्याच्या अंगठ्याचं नख विसरणं. मास्तरांनी आम्हाला वीस मिनिटं मिळवून दिली. त्यासाठी नोकरी पणाला लावली. स्वतःचं मत लपवलं नाही, पण माझ्या मुलाच्या तोंडी ते घातलंही नाही. याहून मोठं काम मी कुठल्या नेत्याला करताना पाहिलेलं नाही. पुढे गावातले आणखी आठ गेले. प्रत्येकासाठी खिडक्या उघडल्या, प्रत्येकासाठी त्याला आवडणारं वाजवलं. एकाला तर जाहिरातीतलं गाणं आवडायचं. तेही वाजवलं, मनापासून.

मास्तर, उद्यापासून तुम्ही श्रोत्यांत बसणार. एक विनंती आहे, पायाने ताल धरू नका. नवीन मास्तरीणबाई कोवळ्या आहेत, बिचकतील. आणि सोमवार मोकळा ठेवा.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, दाराशी उभं राहून ऐकलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळाकडे बघून तिसऱ्यांदा मुद्दाम बघितलं नाही, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या मताला धक्का लागला असेल तर त्याची दिलगिरी नाही, मतांना अधूनमधून धक्का लागलेला बरा. पण कुणा माणसाचं मन दुखावलं असेल, तर त्याने या म्हाताऱ्याला मोठ्या मनाने माफ करावं.

माझ्यानंतर आमच्या सूनबाई बोलणार आहेत. मी जे बोललो त्यातलं बरंचसं त्या खोडून काढणार आहेत, तसं त्यांनी मला सकाळीच सांगितलंय. लक्ष देऊन ऐका. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे.